गयाक्काच्या ओट्याला काय लावलं

लग्नाच्या मांडवात अक्षता टाकून हात खाली येत नाही तोवर कोणीतरी खांद्यावर थाप मारतो. "मिस्त्री, आमच्या गच्चीवर लाकडाचं बसवलंय. त्याला काय लावावं हो?" मयतीला गेलो तरी सुटका नाही. एकदा कबरस्तानातून बाहेर पडताना चपला शोधत होतो, तर एक जण गळ्यात पडला, डोळे पुसले आणि म्हणाला, "खाजाभाई, अल्लाची मर्जी. बरं, ते सीलर कोणतं चांगलं?" आता अशा माणसाला काय बोलावं, तुम्हीच सांगा.

बरं, विचारतात तर विचारू देत. पण उत्तर कोणाला ऐकायचं असतं? त्यांना डब्याचं नाव पाहिजे. मी विचारतो, लाकूड कोणतं? ऊन किती वेळ पडतं? वर अनवाणी फिरणार की बूट घालून? अगोदर काही फासलंय का? एवढं विचारलं की समोरच्याचं तोंड कडू होतं. "तुम्ही फक्त नाव सांगा ना." डॉक्टरकडं जाऊन कोणी असं म्हणतं का, की माझं काय दुखतंय ते विचारू नका, फक्त गोळीचं नाव सांगा? म्हणत असतील म्हणा. आपल्याकडं काही भरवसा नाही.

या दिवाळी अंकाच्या संपादकांनीही फोनवर आधी तेच विचारलं. त्यांच्या पुण्याच्या जावयानं घरामागं डेक केलाय म्हणे. मग म्हणाले, अनुभव लिहा. मी म्हटलं, लिहितो, पण जावयाला डब्याचं नाव सांगणार नाही. त्यानं हा लेख वाचावा.

मी मूळचा नांदेडचा. आमच्या घरात लाकडाला पॉलिश करायचं काम आजोबांपासूनचं. लातूर उस्मानाबादपासून सुटून नुकतंच वेगळा जिल्हा झालं, तेव्हा मी इकडं आलो. नवा जिल्हा म्हणजे नवी कचेरी, नवे साहेब, आणि साहेब म्हटलं की टेबल आलं. गाडी भरून टेबलं, कपाटं, खुर्च्या यायच्या आणि प्रत्येक साहेबाला आपलं टेबल शेजारच्या साहेबापेक्षा जास्त चमकलेलं पाहिजे असायचं. माझे हात रिकामे नव्हते. लाख आणि स्पिरिटचा वास अंगाला इतका मुरला होता की आमची बेगम म्हणायची, तुम्ही गल्लीच्या तोंडाशी आले की मी चहाचं आधण ठेवते.

पण नशीब बघा. जिल्हा नवा झाला आणि पाऊस रुसला. ओळीनं वर्षं कोरडी गेली. बोअर आटले, विहिरीत दगड दिसायला लागले. नळाला नुसती हवा. टँकर येईल तेव्हा पाणी, आणि टँकर कधी येईल ते टँकरलाच माहीत. अशा दिवसांत माझ्याकडं एक काम आलं, लाकडाला पाण्यापासून वाचवायचं! हसू नका. मला तेव्हाही हसू आलं नव्हतं.

काम होतं औसा रोडच्या बाजूच्या एका वस्तीतलं, लिंबाजीमामांच्या घरचं. लिंबाजीमामा म्हणजे एस.टी.च्या वर्कशॉपातून रिटायर झालेले मेकॅनिक. उंच, काटक, आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मत असणारा माणूस. त्यांचा मुलगा मिलिंद नव्या कलेक्टर कचेरीत क्लार्क होता. टेबलांच्या कामामुळं माझी त्याची ओळख. मोठा सालस पोरगा. तो मला घरी घेऊन गेला ते त्याच्या आईसाठी.

त्याची आई, गयाबाई. सगळी वस्ती तिला गयाक्का म्हणायची. दोन सालांमागं तिला लकवा झाला. तोंड वाचलं, हात वाचले, पाय गेले. बसून हातांच्या तळव्यांवर जोर द्यायची आणि फरशीवरून सरकत जायची, स्वयंपाकघर ते पुढची खोली, पुढची खोली ते स्वयंपाकघर. घराचं जोतं उंच, काळ्या मातीतल्या घरांचं असतं तसं. दारातून खाली तीन मोठ्या पायऱ्या. तिथं तिची हद्द संपायची. उचलून खाली बसवतो म्हटलं तर अंगावर यायची. "मी काय ज्वारीचं पोतं हाय का, ह्या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात ठिवायला?"

आणि बाहेर तर तिचं सगळं राज्य होतं. तिच्या घराच्या कोपऱ्यावरच टँकर उभा राहायचा. पाय होते तोवर टँकरची लाईन गयाक्का लावायची. कोणी नेमलं नव्हतं. पण पदर खोचून ती एकदा कोपऱ्यावर उभी राहिली की घागरी आपोआप एकामागं एक लागायच्या. पहिलं पाणी बाळंतिणीला, मग म्हाताऱ्या, मग बाकीचे, असा तिचा कायदा. आता ती आत अडकली आणि बाहेर नुसती झोंबाझोंबी सुरू झाली. ज्याचा दंडा मोठा त्याची घागर पुढं. शेजारची हलीमाबी, एकटी म्हातारी, पाठीत वाकलेली, तिची कळशी कितीदा तरी कोरडीच परत जायची. गयाक्का आतून गळा फाडून ओरडायची, "आरं, हलीमाबीला घेऊ द्या रे आधी!" टँकरच्या आवाजात कोण ऐकतंय? आणि दारातून तो कोपरा दिसायचाही नाही, मधे भिंत. मग ती फरशीवर मुठी आपटत बसायची. मी स्वतः बघितलंय, बाई रडत होती. पायांसाठी नाही, कळशीसाठी.

तर मिलिंदनं डोकं लढवलं होतं. दारापासून जोत्याच्या उंचीवर एक ओटा काढायचा, भिंतीच्या पुढं जाणारा, थेट कोपऱ्यापर्यंत. अक्का सरकत जाऊन टोकाला बसेल. पण दगड-सिमेंटचा ओटा म्हटला की पाणी आलं. माल कालवायला पाणी, वर टाकायला पाणी. टँकरचं पाणी बांधकामावर ओतताना कोणी बघितलं असतं तर आधी मिलिंदचंच बांधकाम केलं असतं वस्तीनं. म्हणून लाकडाचा. हदगावकडं कापसाची एक जुनी जिनिंग मोडीत निघाली होती, तिथल्या सागवानी फळ्या मामांनी कोणा ओळखीच्या ट्रकमधून आणल्या. सुतारानं खाली खांब ठोकून, दोन फळ्यांत खिळ्याएवढी फट सोडून मजबूत ओटा करून दिला. आज याला डेक म्हणतात आणि पेपरात फोटो छापतात. आम्ही लाकडी ओटा म्हणायचो.

"चाचा, याला असं पॉलिश करा की तोंड दिसलं पाहिजे," मिलिंद म्हणाला. "आमच्या साहेबांच्या टेबलासारखं."

इथून माझ्या डोक्याला ताप सुरू झाला.

मी म्हटलं, "बाबा, टेबलावर तुझे साहेब बसतात का? आई याच्यावर सरकणार. चकाचक केलं तर घसरून थेट टँकरखाली जाईल. आणि टेबल सावलीत असतं. हा ओटा लातूरच्या उन्हात. वर्षभरात पॉलिशचे पापुद्रे निघतील आणि त्याच्या कडा तिच्या हातात घुसतील."

हे जरा नीट सांगतो, कारण संपादकांच्या जावयाचा प्रश्न इथंच आहे. लाकूड मेलेलं असलं तरी पितं. पावसात पाणी पितं आणि फुगतं, उन्हात ते पाणी सोडतं आणि आकसतं. फुगा-आकसा, फुगा-आकसा, असं होत होत ते चिरतं, त्याच्या शिलका, म्हणजे बारीक कुसळं, उठतात. सीलरचं काम काय, तर लाकडाचं पोट दुसऱ्या कशानं तरी अगोदरच भरून टाकायचं, म्हणजे त्याला पाण्याची तहान लागणार नाही. आता हे दोन तऱ्हेनं होतं. एक, वरून कातडं चढवायचं, म्हणजे वार्निशसारखं. दिसायला झकास, पण कातडं एका जागी फाटलं की पाणी आत शिरतं आणि मग सगळं खरवडून पहिल्यापासून. दुसरं, आत मुरणारं तेल. ते चमकत नाही, गिऱ्हाईकाला त्यात मजा वाटत नाही, वरचेवर पुन्हा लावावं लागतं. पण ते सोलत नाही, घसरत नाही, आणि हाताला लाकूड लाकडासारखंच लागतं. जिथं माणसाची उघडी कातडी लाकडाला लागणार, तिथं मी हे मुरणारं तेलच वापरतो. गयाक्काचे तर तळवेच तिचे पाय होते.

लिंबाजीमामांना हे सगळं पटलं. हाव, हाव म्हणत त्यांनी मान डोलावली. "तेल म्हंजे तेल! तीस वर्सं मी काय केलं? इंजिनाला तेल, गेअरला तेल. तेल कमी पडलं की मशीन बोंबलली. बराबर बोलून राहिलास तू खाजा." मला बरं वाटलं. एवढा समजदार घरमालक बघून मी खूश झालो. माझी अक्कल बघा.

फळ्या जुन्या होत्या, जिनिंगमधली काजळी आणि धूळ त्यांत बसलेली. रंधा मारला, मग जाड कागदानं घासलं, मग बारीक. दुसऱ्या गावात असतो तर स्वच्छ पाण्यानं धुऊन काढलं असतं. इथं पाणी मागायची सोय नव्हती. झाडून, फडक्यानं पुसून, जिथं खपली होती तिथं काचेच्या तुकड्यानं खरवडून घेतलं. खिळ्यांची डोकी आत ठोकली. मग उघड्या हातानं सगळा ओटा चाचपला, कुसळ राहिलंय का म्हणून. गयाक्का दारात बसून सगळं बघत होती.

"मिस्त्री, किती घासाल? लाकूड उरू द्या की."

"अक्का, तुमच्या हातात शिलक गेली तर तुम्ही मला शिव्या द्याल."

"त्या मी आसंच देईन. कामाला लागा."

मी लावायला घेतलं ते जवसाचं तेल, पण उकळून तयार केलेलं, रंगाच्या दुकानात मिळतं ते. त्यात टर्पेंटाइन मिसळून पातळ केलं, म्हणजे खोल जातं. येरवाळी, म्हणजे सकाळी लवकर, लाकूड थंड असताना लावायचं. दुपारच्या तापलेल्या लाकडावर लावलं तर वरच्यावर साय धरते आणि आत कोरडंच राहतं. फळ्यांची टोकं सगळ्यात तहानलेली, तिथं दोन-तीनदा. लावून झालं की थांबायचं, लाकडाला पिऊ द्यायचं. आणि मग वर जेवढं उरलं असेल तेवढं फडक्यानं सगळं पुसून काढायचं.

हे पुसून काढणं. या एका गोष्टीनं मला आयुष्यभर छळलं. एकही गिऱ्हाईक असं भेटलं नाही की ज्याचा जीव यावेळी तुटला नाही. लिंबाजीमामा तर ओरडलेच. "आरं आरं आरं! काय करून राहिला? चांगलं तेल पुसायला कामून लागला?"

"मामा, जे पिलं ते त्याचं. जे वर राहिलं ते चिकट होतं. पुसावंच लागतं."

"मग लावलं कशापायी?"

मी तीनदा समजावलं. माझी फडकी मी एकेक करून कुंपणावर पसरली. तेलाची फडकी बोळा करून ठेवली तर आतल्या आत तापतात आणि पेट घेतात, म्हणून एरवी मी पाण्याच्या बादलीत टाकतो. बादलीभर पाणी त्या वर्षी फडक्याला! म्हणून कुंपणावर. तर पलीकडची एक बाई विचारते कशी, "मिस्त्री, घरात धुणं धुवायला कोणी न्हाई वाटतं?" मी हात जोडले.

पहिला हात झाला. म्हटलं, आता चार दिवस याला हवा खाऊ द्या, कोणी हात लावू नका, मग मी येऊन दुसरा हात देतो. नांदेडला माझ्या बहिणीकडं लग्न होतं. गयाक्काला विचारलं, "थांबाल ना?" ती म्हणाली, "दोन सालं थांबले, चार दिवस काय हाय." मी निघालो.

परत आलो तर लांबूनच ओटा चमकताना दिसला. मी दचकलो. मी केलेलं काम चमकत नाही. जवळ गेलो. ओट्यावर लिंबाची पानं, कोंबडीची पिसं, शेळीचे केस, ज्वारीचा भुसा, आणि त्या साली लातूरभर उडत होती ती सगळी धूळ. आणि हे सगळं चिकटलेलं. बोट लावलं. बोट निघेना.

लिंबाजीमामा घरातून बाहेर आले ते छाती पुढं काढून. "बघितलं का? तू तेल कमी टाकलं होतंस. कंजूसपणा केलास. मी गावाकडून आणवलं. आपल्याच रानातल्या जवसाचं, घाण्यावरचं, शुद्ध! कशाची भेसळ न्हाई. डबाभर रिचवलं. आणि पुसलं बी न्हाई!"

माझ्या कपाळाची शीर तडतडायला लागली. "मामा, ते चटणीचं तेल आहे!"

"मग? तू जवसाचंच लावलं व्हतंस ना?"

काय सांगू? जवस तेच, तेल तेच, पण कच्चं तेल असं जाड ओतलं तर आठवडेच्या आठवडे वाळत नाही. उकळून तयार केलेलं वाळतं. मुंबईच्या माणसानं ही चूक केली नसती, कारण त्याच्या घरात जवसाचं तेल नसतंच. आपल्याकडं प्रत्येकाच्या फडताळात बाटली, आणि घरचं म्हणजे दुकानातल्यापेक्षा चांगलंच असणार अशी प्रत्येकाची खात्री! घरचं तूप, घरचा गूळ, घरचं तेल. त्या खात्रीपुढं मी कुठं लागतो?

गयाक्का दारात बसून होती. तिच्या दोन्ही तळव्यांना काळा लेप. ती एकदा गेली होती ओट्यावर. अर्ध्या वाटेत लुगडं चिकटलं, हात चिकटले, पुढं जाता येईना, मागं येता येईना. कोपऱ्यावर टँकर आलेला आणि ही मधेच अडकलेली, माशी गुळात अडकावी तशी. शेवटी उचलून घेण्याचा जिला एवढा तिरस्कार, तिला तसंच उचलून आत आणावं लागलं. सगळ्या वस्तीनं ते बघितलं. तेव्हापासून ती मामांशी बोलत नव्हती.

माझ्याशी बोलली. "मिस्त्री, आता मला त्या ओट्यावर जायचं न्हाई. मोडून टाका आन चुलीत घाला. तेल पिलंय, झकास जळंल."

हे ती थट्टेनं म्हणाली असती तर मला काही वाटलं नसतं. ती थट्टा करत नव्हती. त्या दिवशीही बाहेर पाण्यावरून कालवा झाला, हलीमाबीची कळशी कोणीतरी लाथाडली, पत्र्याचा आवाज आत आला, आणि गयाक्कानं मानही वळवली नाही. एरवी मुठी आपटणारी बाई भिंतीकडं तोंड करून बसली. लिंबाजीमामा चेहरा पाडून माझ्याकडं बघायला लागले. मला त्यांचा राग तर इतका आला होता, पण त्यांच्या तोंडाकडं बघून तो पुरता काढता येईना. माणसानं बायकोसाठीच केलं होतं ते. डबाभर तेल, दुष्काळात, घरच्या चटणीतलं काढून.

मी पुन्हा कामाला लागलो. मी मनात म्हणालो, मी या घरात पुन्हा पाय ठेवला तर माझं नाव खाजा नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा दारात हजर. सॉ मिलमधून लाकडाचा भुसा आणला. टर्पेंटाइन शिंपडून वर भुसा पसरायचा, पोत्यानं रगडायचं, तेल भुशात येतं, झाडून टाकायचं. पुन्हा शिंपडायचं, पुन्हा रगडायचं. ते झाल्यावर लोखंडी पत्रीनं एकेक फळी खरवडली. लिंबाजीमामांना मी रगडायला बसवलं. त्यांनी आपणहून पोतं उचललं होतं खरं तर, पण मी बसवलं म्हणतो, कारण मला तेवढं समाधान पाहिजे. पहिल्या दिवशी आम्ही एकमेकांशी अक्षर बोललो नाही. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "इंजिनाचं तेल बी जास्त झालं की सील फुटतं. माझ्या ध्यानात यायला पायजे व्हतं." मी म्हटलं, "रगडा."

मिलिंद कचेरीतून यायचा आणि तोही लागायचा. एकदा बाजारातून 'सीलर' लिहिलेला डबा घेऊन आला. "चाचा, यावर तर लिहिलेलंच आहे." मी डबा हातात घेतला. घरातल्या फर्निचरच्या पॉलिशखाली लावायचं ते. उघड्यावर ठेवलं की उन्हात पांढरं पडून भुकटी होतं. मी तो डबा शांतपणे त्याच्या सायकलला अडकवला आणि म्हणालो, "बाबा, परत करून ये." एवढ्या शांतपणे मी आयुष्यात फार कमी वेळा बोललो असेन.

ओटा मोकळा झाला. त्याला कडक ऊन खाऊ दिलं. मग बारीक कागद, मग पुन्हा माझं तेल, पातळ, आणि पुसून कोरडं. मामा पुसताना बघत होते. त्यांचा हात शिवशिवत होता, पण बोलले नाहीत. काही दिवसांनी मी तांब्यात बोटं बुडवून फळीवर पाण्याचे थेंब शिंपडले. लाकूड पोटभर पिऊन धालं की नाही, हे बघायची हीच रीत. थेंब मोत्यासारखे उभे राहिले पाहिजेत. बहुतेक ठिकाणी राहिले. टोकाकडच्या दोन-तीन फळ्यांवर, जिथं रोज दुपारभर ऊन पडायचं, तिथं थेंब हळूहळू मुरले. म्हणजे अजून एक हात.

"थेंब वाया घालवला," गयाक्का आतून म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिनं ओट्याबद्दल काही बोललेलं मी ऐकलं.

"वाया नाही, अक्का. उद्या शेवटचा हात. मग परवा तुम्ही टोकाला."

"बघू," ती म्हणाली. भिंतीकडं तोंड करूनच.

दुसऱ्या दिवशी येरवाळी गेलो. शेवटच्या हाताला मी जरा जास्तच जीव लावला. दारापासून टोकापर्यंत सगळा ओटा ओला केला. आता अर्धा तास पिऊ द्यायचं, मग पुसायचं. अंगणात उकिडवा बसून बिडी काढली. काडी अजून पेटवली नाही, तेवढ्यात टँकर आला. आठवडाभर दुपारी येणारा टँकर त्याच दिवशी सकाळी! याला काय म्हणावं? वस्ती घागरी घेऊन धावली. पुढचं काय होणार ते ठरलेलंच होतं. ढकलाढकली, शिव्या, पत्र्याचा खणखणाट. हलीमाबीची कळशी पुन्हा हातातून सुटून गडगडत गेली, ती ओट्याखाली येऊन थांबली. म्हातारी ती घ्यायला वाकली आणि वाकलेलीच राहिली. तिला सरळ होता येईना.

मी बिडी टाकून उठलो, तर मागून काहीतरी सरकल्याचा आवाज आला.

"अक्का! थांबा! ओलं आहे!"

थांबते कसली. ती दारातून ओट्यावर आली होती. तळवे टेकवून, अंग उचलून, पुढं. तळवे टेकवून, अंग उचलून, पुढं. माझ्या शेवटच्या हातावरून. लुगड्यानं फराटा उमटत होता, तळव्यांचे ठसे उमटत होते. पुसायचं अर्धं काम तिच्या लुगड्यानंच केलं म्हणा ना. मी डोक्याला हात लावून ओरडत होतो, मिलिंद दारात तोंड उघडं टाकून उभा, आणि मामा मला म्हणत होते, "जाऊ दे रे, जाऊ दे." अडकली मात्र नाही. कुठंही अडकली नाही. टोकापर्यंत गेली, पाय खाली सोडले, पदर खोचला आणि आवाज लावला.

"ए! घागरी खाली ठिवा! सगळ्यांनी! पाइपवरचा हात काढ गं तू, तुलाच म्हणून राहिले!"

ओरडणं जागच्या जागी थांबलं. टँकरचा ड्रायव्हरसुद्धा खाली उतरून बघायला लागला. गयाक्का कोपऱ्यावर होती. दोन सालांनी. कोणीतरी घागर खाली ठेवली, मग दुसरीनं ठेवली. लाईन लागायला लागली.

मला लाईनीचं काय पडलंय? माझं लक्ष तिच्या हातांकडं. दोन्ही तळवे तेलानं माखलेले, त्यात टर्पेंटाइन, आणि खाली दोन वर्षं फरशीवर घासून घासून सोलवटलेली कातडी. झोंबत असणार. घरातल्या माठात थेंब नव्हता. मी अंगणातला मग्गा उचलला आणि धावत टँकरकडं गेलो. मग्गाभर पाणी, साबण लावून हात धुऊन टाकू, एवढंच डोक्यात. पाइपाखाली मग्गा धरणार, तेवढ्यात वरून आवाज आला.

"ओ मिस्त्री!"

मी वर बघितलं.

"लाईन दिसत न्हाई का? तुमच्या आधी हलीमाबी हाय. मागं व्हा!"

"अक्का, तुमच्याच हातासाठी—"

"कोणासाठी का आसंना. मागं!"

अख्खी वस्ती हसली. मामा सगळ्यात जास्त हसले. हलीमाबीनं माझ्याकडं बघून कळशी पुढं केली, आणि मी कळशी पाइपाखाली धरून दिली. ती भरली. मग मी सगळ्या बायकांच्या मागं, पार शेवटी, रिकामा मग्गा घेऊन उभा राहिलो. माझं सगळं अंग रागानं पेटलेलं होतं आणि डोळ्यांत पाणी येत होतं. धुळीचं असेल, टर्पेंटाइनचं असेल. ओट्यावरचे ते ठसे उन्हात दिसत होते, आणि आता ते घासून काढायला मला पुन्हा यावं लागणार होतं.

माझा नंबर आला तोवर टँकर रिता झाला. मग अक्काचे हात मी कोरड्या फडक्यानंच पुसले. ती दोन्ही तळवे माझ्यापुढं धरून बसली होती आणि वरून मलाच रागावत होती, की उद्या तरी येरवाळी येऊन नंबर लावा.